भुईतली मलजल टाकी वर येऊ नये म्हणून: खड्ड्यापासून झाकणापर्यंत

मलजल पंपाची टाकी जमिनीत गाडली की ती कायमची गाडली गेली, असं वाटतं. भूजल वर असलेल्या जागी तसं होत नाही. फायबरग्लास किंवा एचडीपीई या प्लास्टिकची टाकी म्हणजे आतून पोकळ डबा. भोवतालच्या मातीत पाणी भरलं की हा डबा वर यायला बघतो. तो खाली धरून ठेवायला जे वजन लागतं, त्याचा हिशोब आणि त्याची बांधणी आम्ही एका टाकीवर कशी केली, ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

टाकी उभी, गोल, बाहेरून १.२ मीटर व्यासाची. तळापासून झाकणापर्यंत उंची २.५ मीटर, त्यातले २.४ मीटर जमिनीत आणि १० सेंमी वर. रिकाम्या टाकीचं वजन सुमारे १५० किलो. तळाला कारखान्यातूनच आलेली ७.५ सेंमी रुंदीची फ्लँज, म्हणजे बाहेर निघालेली कडा. आत मलजल दळून ढकलणारा एक सबमर्सिबल पंप.

आधी पाण्याची पातळी शोधली. हाताच्या ऑगरने, म्हणजे माती पोखरणाऱ्या गिरमिटाने, तीन मीटर खोल भोक पाडून त्यात ५० मिमीचा छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप सोडला, वरचं तोंड झाकलं आणि एक दिवस थांबलो. लगेच मोजलं तर पातळी हमखास खोल दिसते, कारण चिकण मातीतून पाणी भोकात यायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी पाणी १.६ मीटरवर होतं. पण ती त्या दिवसाची पातळी. वर्षातली सगळ्यात वरची पातळी कुठे जाते हे माती स्वतः सांगते. ऑगरच्या पात्यावर आलेली माती हातात घेऊन मोडली तर साधारण अर्ध्या मीटरपासून खाली करड्या रंगात तांबूस, गंजासारखे ठिपके आणि बारीक रेघा दिसत होत्या. माती अधूनमधून बराच काळ पाण्याखाली राहते तिथे लोहाचे असे डाग पडतात. जागा पुराची, म्हणून हिशोबात पाणी थेट जमिनीच्या वर धरलं. पुराच्या जागी याहून कमी धरण्यात अर्थ नाही.

आता हिशोब. टाकी जितकं पाणी बाजूला सारते तितक्या पाण्याच्या वजनाइतकी उचल तिच्यावर येते. १.२ मीटर व्यासाचं क्षेत्रफळ १.१३१ चौरस मीटर, गुणिले २.५ म्हणजे २.८२७ घनमीटर. म्हणजे उचल २,८२७ किलो. समोर टाकीचं वजन १५० किलो. नुसती टाकी खड्ड्यात ठेवली आणि तळाखाली पाणी शिरलं तर १३ सेंमी पाण्यात ती तरंगायला लागते. वीतभरसुद्धा पाणी लागत नाही.

पूर जितका खोल तितकी उचल जास्त, हा समज बऱ्याच जणांचा असतो. टाकी एकदा पूर्ण बुडाली की उचल तिथेच थांबते. वर आणखी दोन मीटर पाणी चढलं तरी ती २,८२७ किलोच राहते. पाण्याच्या खोलीबरोबर वाढतो तो भिंतीवरचा आणि तळावरचा दाब, आणि त्यासाठी टाकीची जाडी व रिब्स, म्हणजे भिंतीला बळ देणाऱ्या उठावदार पट्ट्या, बघायच्या असतात. मात्र झाकण पूररेषेच्या वर नेण्यासाठी टाकीला उंची जोडली तर उचल खरोखर वाढते. त्याच १.२ मीटर व्यासाची एक मीटर उंची जोडली तर पुरात १,१३१ किलो जास्त. ६० सेंमी व्यासाचा राइझर, म्हणजे उंची वाढवणारा गळा, जोडला तर २८३ किलोच. झाकण उंच करायचंच असेल तर अरुंद गळ्याने करा. पंप त्यातून बाहेर निघतो ना, एवढं मात्र आधी मोजून घ्या.

वजनाच्या बाजूला काय धरायचं नाही, यावर आमच्यात सगळ्यात जास्त चर्चा झाली. आतलं मलजल धरायचं नाही, कारण दुरुस्तीच्या दिवशी टाकी रिकामी असते. पंप धरायचा नाही, कारण त्याच दिवशी तोही वर काढलेला असतो. मातीचं भिंतीशी घर्षण धरायचं नाही. भिंत गुळगुळीत आणि माती ओली. काँक्रीट टाकीला चिकटून धरून ठेवील हेही नाही. फायबरग्लास आणि एचडीपीईला काँक्रीट भरवशाने चिकटत नाही. ते अडकायला कडाच हवी.

जे धरायचं ते पाण्याखालच्या वजनाने. चुका बहुतेक इथेच होतात. काँक्रीट हवेत घनमीटरला २,४०० किलो, पाण्याखाली १,४०० किलो. दाबून भरलेला भराव ओला असताना १,८०० ते २,००० किलो भरतो, पाण्याखाली आम्ही ९०० धरला. कॉलर, म्हणजे टाकीच्या तळाभोवती कडेवर ओतलेला काँक्रीटचा ठोकळा, १.८ मीटर चौरस आणि ४० सेंमी जाड घेतली. तिच्यातून टाकीचा गोल वजा केला की २.१०९ चौरस मीटर उरतात. काँक्रीट ०.८४४ घनमीटर, पाण्याखाली १,१८१ किलो. त्याच्यावर दोन मीटर उंचीचा भराव ४.२१८ घनमीटर, पाण्याखाली ३,७९६ किलो. टाकीचे १५० मिळवून बेरीज ५,१२७. उचलीने भागलं की गुणोत्तर १.८१. आम्हाला किमान १.२ हवं होतं. हाच हिशोब कोरड्या वजनांनी केला तर गुणोत्तर ३.४ च्या पुढे जातं. म्हणजे कोणी ‘कॉलर लहान करू, खूप जास्त होतंय’ म्हणालं, तर त्याने कुठली घनता घेतली हे आधी विचारा.

पुराचं पाणी वाहतं असतं, माती नेतं. म्हणून वरची अर्धा मीटर माती गेली असं धरून पुन्हा हिशोब केला. भराव २,८४७ किलोवर येतो, बेरीज ४,१७८, गुणोत्तर १.४८. चालतं. पण त्याच कागदावर एक तिसरा आकडा होता, तो आम्ही लाल पेनाने लिहिला: माती अजिबात नसताना टाकी आणि कॉलर मिळून १,३३१ किलो, गुणोत्तर ०.४७. कॉलर टाकून झाली, भराव व्हायचा आहे, टाकी रिकामी आहे आणि खड्ड्यात १.१८ मीटर पाणी भरलं, तर काँक्रीटसकट सगळं वर येणार. पुढची सगळी कामं या आकड्याभोवती ठरली. पूर्ण झालेल्या टाक्या क्वचित उठतात. अर्धवट काम असताना उठण्याची पाळी जास्त वेळा येते.

खड्डा २.६५ मीटर खोल: टाकीसाठी २.४, खाली १० सेंमी पीसीसी, म्हणजे सळयांशिवायचं साधं काँक्रीट, आणि त्याखाली १५ सेंमी खडी. एवढ्या खोलीला उभ्या भिंती ठेवून माणूस उतरवायचा नाही. जागा होती म्हणून बाजू उतरत्या कापल्या, नसती तर आधाराच्या फळ्या लावाव्या लागल्या असत्या. एका कोपऱ्यात तळापेक्षा ४० सेंमी खोल डबकं केलं, त्यात छिद्रं पाडलेलं ड्रम बसवलं, भोवती खडी टाकली आणि उपशाचा पंप त्यात सोडला. उपसा थेट खड्ड्याच्या तळातून केला की पाण्याबरोबर बारीक माती निघत राहते आणि तळ पोकळ होतो. वाळूच्या जमिनीत याहून वाईट होतं. तळातून वाळू उकळल्यासारखी वर यायला लागते. तसं दिसलं तर उपसा वाढवून भागत नाही. खड्ड्याबाहेर वेलपॉइंट, म्हणजे भूजल ओढून घेणाऱ्या बारीक नळ्या, बसवून पाणी आधीच खाली न्यावं लागतं.

खडी दाबली, वर पीसीसी ओतली आणि दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. इनलेटचं तोंड नेमकं येणाऱ्या पाइपाकडे आहे ना, हे टाकी दोरीवर लटकत असतानाच बघायचं. पाण्याच्या नळीने कडेच्या चार बिंदूंवर पातळी घेतली. फरक ५ मिमी निघाला, तेवढा चालतो. टाकी कलली तर पंप ज्यांवरून वर-खाली सरकतो ते गाइड रेल कलतात आणि पंप डिस्चार्जच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या, बैठकीवर नीट बसत नाही. कडेच्या वर चारही बाजूंनी १२ मिमीच्या सळया, त्यांतल्या काही कडेतल्या छिद्रांतून आरपार. सळयांवर काँक्रीटचं ५० मिमी कव्हर, कारण ही कॉलर आयुष्यभर पाण्यात असणार. टाकी रिकामी असताना कडेवर येणारा भार २,६७७ किलो, म्हणजे घेराच्या दर मीटरला सुमारे ७१० किलो. साइटवर चिकटवलेली कडा हा भार पेलत नाही, ती टाकीबरोबर एकसंध घडवलेलीच हवी.

मग काँक्रीट. ओलं काँक्रीट हे स्वतःच एक जड द्रव असतं, आणि पाण्याच्या जवळजवळ अडीचपट उचल देतं. ४० सेंमी उंचीचं ओलं काँक्रीट टाकीच्या तळाखाली शिरलं तर १,०८६ किलोची उचल येते, आणि टाकी १५० किलोची. भुईत एक थेंब पाणी नसताना टाकी काँक्रीटवर तरंगून एका बाजूला सरकलेली आम्ही पाहिली आहे. म्हणून ओतण्याआधी टाकीत पाणी भरायचं. हिशोबाने ८६ सेंमी पुरतं, आम्ही १.२ मीटर भरलं. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण आठ गोण्या धरल्या तर ०.८४४ घनमीटरला सात गोण्या सिमेंट लागलं. वीस सेंमीचा पहिला थर चारही बाजूंनी सारखा फिरवत ओतला, तो जरा आवळेपर्यंत थांबलो, मग दुसरा. एकाच बाजूने घमेली रिकामी करत गेलात तर टाकी दुसरीकडे ढकलली जाते. व्हायब्रेटरची सुई कडेखाली हवा राहू नये इतकीच चालवायची, भिंतीला टेकवायची नाही. आणि ओतताना तळातून पाणी झिरपत असेल तर आधी ते थांबवायचं. वाहत्या पाण्यात सिमेंट धुऊन जातं आणि उरते ती नुसती खडी.

त्या रात्री उपसा चालूच ठेवला होता. पंपाची जाळी गाळाने बुजली आणि सकाळी खड्ड्यात टाकीच्या तळापासून ७० सेंमी पाणी उभं होतं. टाकी जागची हलली नव्हती. आतल्या १.२ मीटर पाण्याचं वजन सुमारे १,३०० किलो. कॉलर धरून ती टाकी २.३ मीटर पाण्यालाही दाद देणार नव्हती, म्हणजे खड्डा जवळजवळ काठोकाठ भरला तरी. आत पाणी नसतं तर ताज्या कॉलरवर सुमारे ६४० किलोचा ओढा आला असता, आणि एका रात्रीच्या काँक्रीटला तो झेपला असता असं म्हणायची माझी तयारी नाही. दुसरा उपसा पंप जोडून तयार ठेवायचा. गोदामात असलेला पंप रात्री दोन वाजता उपयोगाचा नसतो.

कडा नसलेल्या टाकीला पट्ट्यांनी बांधतात. दोन्ही बाजूंना तयार काँक्रीटचे ओंडके ठेवायचे, त्यांच्या हुकांना पट्टे, ताण द्यायला टर्नबकल. पट्टा झाकणावरून किंवा नुसत्या भिंतीवरून कधी न्यायचा नाही, बनवणाऱ्याने दिलेल्या खाचेतून किंवा कानांतूनच न्यायचा. ३१६ स्टेनलेस किंवा पॉलिस्टरचे पट्टे घ्यावेत. गॅल्व्हनाइज्ड तारेचा दोर मलजलाच्या आसपासच्या ओल्या मातीत सडतो आणि ते वरून कळत नाही. भार मोजताना अर्धेच पट्टे ताणात आहेत असं धरलेलं बरं, सगळे सारखे ताणलेले कधीच नसतात. काँक्रीटसाठी खणायला जागाच नसेल तर स्क्रू अँकर हा मार्ग आहे. ते जमिनीत फिरवताना लागणाऱ्या टॉर्कवरून, म्हणजे पिळाच्या जोरावरून, पकड कळते, तरी एकाला तरी ओढून पाहावं.

भराव तिसऱ्या दिवशी सुरू केला. आधी खड्ड्याच्या भिंतीला जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, लावलं, नाहीतर भोवतालची बारीक माती खडीच्या फटींत जाते आणि वर्षाभरात झाकणाभोवती जमीन खचते. खाली १० ते २० मिमी खडी, वर निवडलेली माती. थर २५ सेंमीचे, चारही बाजूंनी एकाच वेळी चढवायचे. टाकीपासून ३० सेंमीच्या आत हाताचा धुम्मसच वापरला, प्लेट कॉम्पॅक्टर बाहेर. खणलेल्या चिकण मातीची ढेकळं तशीच परत टाकायची नाहीत. त्यांच्यामध्ये पोकळी राहते, तिथे पाणी भरतं, आणि आपण घनमीटरला धरलेले ९०० किलो प्रत्यक्षात भरत नाहीत. भराव चढत गेला तसं टाकीतलं पाणीही वाढवत नेलं, म्हणजे भिंतीवर आतून-बाहेरून दाब सारखा राहतो.

पाइप जोडायचे ते भराव त्यांच्या खालच्या पातळीपर्यंत पक्का दाबल्यावर. येणारा ११० मिमीचा, जाणारा ५० मिमीचा एचडीपीई. दोन्हींना टाकीच्या अगदी जवळ लवचिक कपलिंग. टाकी पाच सेंमी जरी हलली तरी कडक जोड तुटतो, त्यातून भूजल आत येतं आणि पंप रात्रंदिवस चालतो. घरात कोणी पाणी वापरत नसताना पंप दर पंधरा मिनिटांनी सुरू होतोय, ही टाकी हलल्याची पहिली खूण असते. दुसरी खूण झाकणाभोवती: मातीत गोल भेग, आणि झाकण आधीपेक्षा बोटभर वर.

पुरासाठी वरची तयारी वेगळी. झाकण गॅस्केटचं आणि बोल्टने आवळलेलं. कोणी म्हणेल, झाकणातून पाणी आत गेलं तर बरंच की, टाकी तरंगणार नाही. तरंगणार नाही हे खरं, पण पंप नदी उपसायला लागेल आणि पुढच्या लाइनमध्ये तेच पाणी भरेल. वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाइप उंच नेऊन त्याचं टोक खाली वाकवलं. कंट्रोल पॅनेल माहीत असलेल्या सर्वांत उंच पूररेषेच्या ६० सेंमी वर घेतलं. केबलच्या कंड्युटची दोन्ही तोंडं सीलंटने बुजवली. हे कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि त्याच नळीतून टाकीतला वायू पॅनेलमध्ये जातो. तिथल्या तांब्यावर काळा थर चढतो तो त्यानेच. डिस्चार्जला पाणी मागे न येऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि पलीकडे बंद करता येणारा व्हॉल्व्ह. जमिनीला झाकणापासून बाहेर उतार दिला, पाणी वाहण्याच्या बाजूला जिओटेक्स्टाइलवर दगडांचं पिचिंग केलं. वरची अर्धा मीटर माती जायची भीती तिथेच होती.

चाचणी घाईत घेतली नाही. उपसा बंद करून भूजल आपल्या पातळीला येऊ दिलं, झाकणाच्या कडेवर एक आडवी खूण कोरली आणि बाहेरच्या पक्क्या बांधकामावरच्या बिंदूपासून ऑटो लेव्हल या पातळी मोजायच्या दुर्बिणीने तिची उंची घेतली. मग टाकी अर्ध्या-अर्ध्या मीटरने रिकामी करत गेलो, दर टप्प्याला तासभर थांबून पुन्हा उंची घेत. शेवटपर्यंत फरक १ मिमीच्या आत होता. हाच आकडा मोठ्या पावसानंतर पुन्हा तपासायचा.

वर आलेली टाकी परत खाली दाबता येत नाही. ती उठते तेव्हाच तळाखालच्या पोकळीत वाळू आणि खडी शिरते. वरून जेसीबीचं बकेट टेकवून दाबायचा मोह होतो, पण त्याने तळ फुटतो. पाणी खाली गेलं की उकरणं, पाइप सोडवणं, तळ साफ करून पुन्हा बसवणं, एवढाच इलाज.

शेवटचं काम पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला. पूर ओसरला की पहिलं मनात येतं ते टाकी उपसून धुवायचं. जमीन तेव्हा तुडुंब असते, वरची माती किती वाहून गेली हे कोणी पाहिलेलं नसतं, आणि व्हॅक्यूम टँकर दहा मिनिटांत टाकी तळापर्यंत कोरडी करतो. म्हणून भोकातला तो ५० मिमीचा पाइप काढला नाही, झाकणाजवळ टोपी लावून तसाच ठेवला. दारावर न पुसणाऱ्या रंगाने लिहिलं: ‘आधी पाइपात पाणी मोजा. पाणी जमिनीखाली १ मीटर खोलीपेक्षा वर आलेलं असेल तर टाकी अर्ध्याखाली रिकामी करू नका. झाकणाभोवतीचा भराव बघा. आत उतरण्याआधी वायू तपासा.’ खाली कोरलेल्या खुणेची उंची आणि तारीख.